घरझडतीचे पंच : एका वाक्याचा न्यायालयीन इतिहास

ता. २ मे १९०८ च्या पहाटे कलकत्त्यातील मुरारीपुकूर मार्गावरच्या एका बागेस पोलिसांनी वेढा घातला. दोनच दिवसांपूर्वी मुझफ्फरपूर येथे बाँब फेकण्यात आला होता व त्यात दोन इंग्रज स्त्रियांचा बळी गेला होता. बागेतील जमीन उकरून हत्यारे, दारूगोळा आणि कागदपत्रे बाहेर काढण्यात आली. त्याच दिवशी शहरात अन्यत्र झडत्या होऊन ग्रे स्ट्रीटवरील घरात अरविंद घोष यांना अटक झाली. या बाँबप्रकरणाच्या अनुषंगाने ‘केसरी’त आलेल्या लेखांबद्दल लोकमान्य टिळकांना ता. २४ जून रोजी मुंबईत पकडण्यात आले. पाठोपाठ पुण्यातील त्यांच्या घराची झडती झाली आणि तीत एक पोस्टकार्ड सापडले. त्या कार्डावर स्फोटक द्रव्यांविषयीच्या दोन इंग्रजी ग्रंथांची नावे टिळकांच्या हस्ताक्षरात लिहिलेली होती. सरकारपक्षाने ते कार्ड न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे पुरावा म्हणून मांडले. नुकत्याच झालेल्या स्फोटक द्रव्यांच्या कायद्यावर लिहिण्यासाठी आपणांस ते ग्रंथ पाहावयाचे होते, असा खुलासा टिळकांनी केला. खुलासा साधा आणि पटण्याजोगा होता. तथापि कार्ड ज्युरीपुढे येऊन गेलेले होते.

कोणाच्या घरात शिरून उचललेला कागद न्यायालयात काय काम करू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण त्या वर्षी दुसरे सापडणार नाही. पुढील प्रश्न मात्र पुण्याच्या झडतीवरून नव्हे, तर कलकत्त्याच्या झडतीवरून उपस्थित झाला. अलीपूर येथील खटल्याचे अपील १९०९ साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा आरोपींच्या वतीने चित्तरंजन दास यांनी असा मुद्दा मांडला की, या झडत्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील तरतुदी सर्वस्वी डावलून केलेल्या आहेत. म्हणून त्यांत सापडलेल्या वस्तू पुराव्यात घेताच येणार नाहीत. मुख्य न्यायाधीश होते सर लॉरेन्स जेंकिन्स. १८९९ ते १९०८ या काळात त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद भूषविलेले होते. त्यांनी हा मुद्दा नाकारला. संहितेच्या अवमानास आपण मुळीच उत्तेजन देत नाही, असे सांगूनच ते म्हणाले की, जी वस्तू एरवी खटल्याशी संबद्ध आहे, ती केवळ नियमबाह्य झडतीत सापडली म्हणून असंबद्ध ठरत नाही. जेंकिन्स यांचा हा निर्णय कठोर म्हणता येणार नाही. बारींद्रकुमार घोष व उल्लासकर दत्त यांची फाशी त्यांनीच रद्द करून काळ्या पाण्याची शिक्षा दिली. परंतु झडतीसंबंधीचे त्यांचे ते एक विधान पुढे स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पोहोचले, आणि त्याचा अंमल अद्याप संपलेला नाही.

जी तरतूद डावलली गेल्याची तक्रार होती, तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. १८८२ च्या आणि पुढे तिच्या जागी आलेल्या १८९८ च्या संहितेत १०३ वे कलम असे होते की, झडती घेऊ पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, झडतीपूर्वी, त्या वस्तीतील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांना बोलवावे. त्यांच्या समक्ष झडती घ्यावी. सापडलेल्या वस्तूंची व त्या जेथे सापडल्या त्या जागांची यादी करावी, आणि त्या यादीवर त्यांच्या सह्या घ्याव्यात. घरमालकास वा त्याच्या वतीने कोणास झडतीच्या वेळी हजर राहू द्यावे, आणि मागितल्यास यादीची प्रत त्याला द्यावी, हेही त्यात होते. घराच्या पावित्र्याविषयी या कलमात एक शब्दही नाही. व्यक्तीच्या हक्काची भाषा नाही. आहे ती फक्त शेजाऱ्यांची हजेरी.

इंग्लंडातील परंपरा पाहिली म्हणजे हा फरक ध्यानात येतो. प्रत्येकाचे घर हा त्याचा किल्ला, हे सूत्र १६०४ च्या सेमेन खटल्यापासून तेथील वकिलांच्या तोंडी होते. १७६२ साली लॉर्ड हॅलिफॅक्स या मंत्र्याच्या वॉरंटावर राजाचे दूत जॉन एन्टिक या लेखकाच्या घरात शिरले, चार तास खोल्या व पेट्या धुंडाळीत राहिले आणि कागद घेऊन गेले. एन्टिकने त्यांच्यावर अतिक्रमणाचा दावा लावला. १७६५ साली लॉर्ड कॅम्डेन यांनी निर्णय दिला की, असा अधिकार देणारा कायदा दाखविता येत नाही, म्हणून तो अधिकार नाही. एन्टिकला तीनशे पौंडांची नुकसानभरपाई मिळाली. तेथे झडतीला आवर घालण्याचे साधन नुकसानभरपाईचा दावा हे होते. अमेरिकेने हीच परंपरा घेतली, तिला १७९१ च्या चौथ्या घटनादुरुस्तीचे रूप दिले, आणि १९१४ च्या वीक्स खटल्यापासून संघराज्याच्या न्यायालयांत, तर १९६१ च्या मॅप खटल्यापासून घटक राज्यांच्या न्यायालयांतही, बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा वगळण्याचा नियम घातला.

हिंदुस्थानात यांपैकी एकही मार्ग चोखाळला गेला नाही. याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. येथील पोलिसांच्या शब्दावर खुद्द त्यांच्या धन्यांचाच विश्वास नव्हता. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब सरसकट अग्राह्य ठरविलेला आहे. परंतु याच कायद्यात, त्या कबुलीजबाबामुळे एखादी वस्तू हाती लागली, तर तेवढ्यापुरते ते बोलणे ग्राह्य धरावे, अशीही सवलत आहे. माणसाच्या तोंडून काढलेला शब्द संशयास्पद. घरातून काढलेली वस्तू मात्र खरी! वस्तूला जीभ नसते, तेव्हा तिला छळून खोटे बोलविता येत नाही, असा यामागील विचार असावा. पण वस्तू घरात नेऊन ठेवता येते. हे भय घालविण्यासाठीच ते दोन रहिवासी. परकीय राज्यकर्त्याने आपल्या नोकरावर ठेवलेला हा पहारा होता; प्रजाजनाला दिलेला हक्क तो नव्हता. पुढील साऱ्या निर्णयांचे बीज या भेदात आहे.

मराठी मुलखात या दोन रहिवाशांना नाव मिळाले ‘पंच’ आणि त्यांच्या सहीच्या कागदाला ‘पंचनामा’. संहितेच्या इंग्रजी पाठात या शब्दांचा मागमूस नव्हता. मुंबई इलाख्याच्या कचेऱ्यांतील लेखनिकांनी ते योजिले आणि तेथून ते इंग्रजी निकालपत्रांतही शिरले. ही नुसती भाषांतराची सोय नव्हती. मराठेशाहीत पंच म्हणजे निवाडा करणारे. ‘पाचांमुखी परमेश्वर’ ही म्हण त्यांच्या निवाड्यालाच उद्देशून आहे. वतनाचा, सीमेचा किंवा गोताचा तंटा उभा राहिला की पंचाईत बसे, जमलेल्या मंडळींच्या साक्षीने महजर होई, आणि ‘लिहून दिले ऐसाजे’ या ठरावीक शब्दांनी कागद सुरू होई. नव्या अमलात पंचाचा निवाड्याचा अधिकार गेला आणि केवळ पाहण्याचे काम उरले. पण नावातली जुनी भारदस्ती काही काळ टिकून राहिली. ‘झडती’ हा शब्दही असाच स्थलांतरित आहे. पेशवाईतील हिशेबी कागदांत झडती म्हणजे जमाखर्चाचा अखेरचा तपशील. झाडून सारे मांडणे, हा त्यातील मूळ भाव. कारकुनाने सरकारास द्यावयाचा झाडा, तो पुढे शिपायाने रयतेच्या घरात घ्यावयाची झडती झाला. हिशेब देणारा आणि घेणारा यांनी जागा बदलल्या.

पंचनाम्याची भाषा तर अधिकच सूचक आहे. संहितेप्रमाणे यादी अधिकाऱ्याने करावयाची आणि साक्षीदारांनी तिच्याखाली सही करावयाची. म्हणजे कागदाचा कर्ता अधिकारी. मराठी पंचनाम्यात मात्र ‘आम्ही खाली सह्या करणारे पंच’ असा आरंभ असतो, ‘लिहून देतो की’ असे क्रियापद असते, आणि जे जे घडले ते सारे पंचांच्याच मुखाने सांगितलेले असते. लेखणी पोलिसाची, व्याकरणातील कर्ता ‘आम्ही’. जुन्या महजराची धाटणी लेखनिकांच्या हातात बसलेली होती आणि तीच त्यांनी नव्या कामास लावली, एवढेच. परंतु परिणाम असा झाला की, ज्याने केवळ पाहावे अशी अपेक्षा होती, तो कागदावर निवेदक बनला. आणि ज्याच्यावर पहारा ठेवावयाचा, तो निवेदनातून जवळजवळ अदृश्य झाला. उलटतपासणीत ‘हे वाक्य तुमचे काय?’ असे विचारताच पंच गडबडतो, याचे एक कारण त्याच्या स्वभावात नसून या रचनेत आहे. पंचनामा हा स्वतंत्र पुरावा नव्हे, तो पंचाच्या साक्षीला पुष्टी देण्यापुरता उपयोगी, असे न्यायालये सांगत आली, ते या दृष्टीने योग्यच म्हटले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर या व्यवस्थेची कसोटी लागली. १९५४ च्या मार्च महिन्यात आठ न्यायमूर्तींच्या पीठाने एम. पी. शर्मा प्रकरणाचा निकाल दिला. दालमिया-जैन एअरवेज या कंपनीच्या चौकशीत चौतीस ठिकाणी एकाच वेळी झडत्या घेण्याची वॉरंटे काढण्यात आली होती. अर्जदारांचे म्हणणे असे की, घटनेच्या विसाव्या अनुच्छेदानुसार कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्यास भाग पाडता येत नाही, आणि त्याच्या घरातून कागद उचलणे म्हणजे त्याला तसे भाग पाडणेच होय. या युक्तिवादाचा आधार अमेरिकेतील १८८६ चा बॉइड खटला होता. त्यात चौथ्या व पाचव्या दुरुस्तीची सांगड घातलेली होती, आणि ती घालताना एन्टिकच्या निकालाचा मोठा आधार घेतला होता. न्यायमूर्ती जगन्नाथदास यांनी पीठाच्या वतीने उत्तर दिले की, झडतीचा अधिकार हा समाजाच्या सुरक्षिततेसाठी राज्याकडे असलेला सर्वोपरी अधिकार आहे. घटनाकारांनी अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखी तरतूद घातली नाही, आणि ती ओढूनताणून दुसऱ्याच हक्कात आणून बसविण्यास समर्थन नाही. शिवाय झडती घेताना घरमालक स्वतः काही करीत नाही. तो फक्त सोसतो, आणि सोसणे म्हणजे साक्ष देणे नव्हे.

तर्क निर्दोष आहे. परंतु त्याने एक पोकळी उघड केली. घटनेत झडतीविरुद्ध हक्क नाही; तर मग राहिले काय? राहिले ते संहितेतील दोन रहिवासी.

त्यांचे काय झाले, हे त्याच दशकातील तीन निर्णयांवरून कळते. १९५६ च्या सुंदरसिंग प्रकरणात झडतीचे साक्षीदार त्या वस्तीतील नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, हा दोष साक्षीच्या वजनाचा आहे. त्याने झडती निष्फळ होत नाही. १९६० सालच्या निर्णयसंग्रहात आलेले रहमान प्रकरण राजस्थानातले. तेथे अबकारी अधिकाऱ्यांनी झडतीपूर्वी आपली कारणे लिहून ठेवलेली नव्हती आणि घरमालकाने त्यांना अडविले. न्यायालयाने ती झडती बेकायदा ठरविली व अडविणाऱ्यास निर्दोष मानले. तिसरे राधाकिशन प्रकरण, १९६२ चे. एका टपालवाल्याच्या घरात न वाटलेली पत्रे सापडली होती. तेथे न्यायालयाने सारा हिशेब एकत्र मांडला : झडती बेकायदा असेल तर घरमालक तिला विरोध करू शकेल, आणि न्यायालय जप्तीचा पुरावा अधिक काळजीने तपासील, या दोहोंपलीकडे कोणताही परिणाम होत नाही.

यातील पहिल्या उपायाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. बेकायदा झडतीला विरोध करण्याची मुभा ही उंबरठ्यावर उभे राहून, अधिकाऱ्याने कलम १६५ खाली कारणे लिहिली आहेत की नाहीत याचा त्याच क्षणी निर्णय करू शकणाऱ्या माणसाला उपयोगी. अंदाज चुकला तर तोच सरकारी नोकरावर बलप्रयोग केल्याच्या आरोपास पात्र. ज्याच्या घरात वकील आहे त्याला हा हक्क आहे. इतरांना तो कागदावर आहे. दुसरा उपाय, म्हणजे पुरावा काळजीने तपासणे, तो शेवटी पंचांच्या विश्वासार्हतेवरच येऊन ठेपतो.

खरकसिंग प्रकरणाचा निकाल याच १९६२ च्या डिसेंबरातला. दरोड्याच्या एका जुन्या प्रकरणातून पुराव्याअभावी सुटलेल्या या माणसावर उत्तर प्रदेश पोलिसांनी पाळत ठेवली होती; रात्री-अपरात्री चौकीदार व शिपाई दार ठोठावीत. या रात्रीच्या भेटी न्यायालयाने घटनाबाह्य ठरविल्या, आणि ते करताना सेमेन खटल्यातील किल्ल्याच्या सूत्राचा आधारही घेतला. मात्र खासगीपणाचा हक्क आपल्या घटनेत नाही, असे बहुमताने त्याच निकालात म्हटले. न्यायमूर्ती सुब्बाराव व न्यायमूर्ती शहा यांचे मत भिन्न होते. किल्ला मान्य, पण त्याच्या आतील माणसाचा एकांत अमान्य, ही विसंगती पंचावन्न वर्षे टिकली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि शर्मा व खरकसिंग या दोन्ही निर्णयांतील तेवढा भाग मोडीत काढला.

परंतु पुराव्याचा नियम त्याआधीच पक्का झालेला होता. १९७३ च्या डिसेंबरात पूरणमल प्रकरणात आयकर खात्याच्या झडत्यांचा प्रश्न आला. न्यायमूर्ती पालेकर यांनी घटनापीठाच्या वतीने लिहिलेल्या निर्णयात दोन जुने आधार येतात. एक जेंकिन्स यांचे १९०९ चे विधान. दुसरा प्रिव्ही कौन्सिलाचा १९५५ च्या निर्णयसंग्रहातील कुरुमा खटला. केनियात आणीबाणी असताना सायकलवरून जाणाऱ्या कुरुमा नावाच्या इसमाला रस्त्यात अडवून झडती घेण्यात आली व दोन काडतुसे सापडल्याचे सांगण्यात आले. झडती घेणारे शिपाई त्यासाठी ठरवून दिलेल्या हुद्द्याच्या खालचे होते. शिक्षा देहान्ताची होती आणि ती कायम झाली. बंगालच्या क्रांतिकारकांविरुद्धचा एक खटला आणि केनियातील आणीबाणीचा दुसरा, या दोहोंच्या पायावर प्रजासत्ताकातील करदात्याच्या झडतीचा नियम उभा राहिला, हे इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविले पाहिजे. पालेकरांच्या निर्णयातील कायद्याचा अर्थ चुकीचा होता असे नव्हे. संबद्धता हीच ग्राह्यतेची कसोटी, हे पुराव्याच्या कायद्याचे तत्त्व होतेच. मुद्दा एवढाच की, ज्या राज्यात पंच हा परक्या सरकारचा आपल्या नोकरावरील पहारा होता, त्या राज्यातील तत्त्व नागरिकाला हक्क देणाऱ्या राज्यात फेरविचाराविना आले.

अपवाद आहे तो अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याचा. त्याच्या पन्नासाव्या कलमानुसार, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्या समक्ष अंगझडती व्हावी अशी मागणी करण्याचा हक्क संशयिताला आहे, व तो त्याला सांगितला गेलाच पाहिजे. १९९९ च्या बलदेवसिंग प्रकरणात घटनापीठाने हा हक्क न सांगता मिळविलेला माल बेकायदा कबजाचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असे ठरविले. पूरणमलचे सूत्र येथे पुरे पडत नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. विधिमंडळाने ‘हक्क’ म्हणून लिहिले की न्यायालय त्याला परिणाम जोडते. ‘कार्यपद्धती’ म्हणून लिहिले की जोडीत नाही, असा निष्कर्ष यातून निघतो. शब्दयोजनेचे वजन अशा ठिकाणी कळते.

दरम्यान त्या मूळ वाक्यात १९७३ च्या संहितेने दोन भर घातल्या. कलमाचा क्रमांक आता १०० झाला. ‘प्रतिष्ठित’ या विशेषणाआधी ‘स्वतंत्र’ हे विशेषण आले. आणि वस्तीतला असा कोणी मिळत नसेल किंवा यावयास राजी नसेल, तर दुसऱ्या कोणत्याही वस्तीतला रहिवासी चालेल, असे जोडले गेले. दोन्ही भरी एकमेकींविरुद्ध ओढणाऱ्या आहेत. ‘स्वतंत्र’ हा शब्द घालावा लागला, याचा अर्थ नुसत्या प्रतिष्ठेतून स्वातंत्र्य गृहीत धरता येईनासे झाले. आणि ‘दुसऱ्या वस्तीतला’ म्हटल्याबरोबर शेजारी या कल्पनेचाच त्याग झाला. गावात पाटील आणि दोन बरे खातेदार बोलावले की वाक्याचा अर्थ पुरा होई. ज्याच्या घराची झडती, त्याला ते ओळखीत आणि तो त्यांना ओळखी. घरात काय असते नि काय नसते, हे शेजाऱ्याला ठाऊक असते. उद्या त्याच माणसाला तोंड द्यावयाचे आहे, ही जाणीवही त्याला असते. मुंबईसारख्या शहरात कोणी कोर्टाच्या खेपा घालण्यास तयार होईना. तेव्हा पोलीस ठाण्याच्या आसपास वावरणारा, एकामागून एक पंचनाम्यांवर सही करणारा ठरलेला पंच निर्माण झाला. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा नेहमीच्या पंचाची साक्ष विश्वासार्ह मानण्यास नकार दिला. न्यायालयांनी अशा पंचाला फटकारले, ते रास्त. पण राधाकिशनच्या निकालानंतर सारा भार याच माणसाच्या खांद्यावर टाकलेला होता, हेही विसरता येत नाही. मराठीत आता ‘पंचनामा करणे’ म्हणजे एखाद्याचे वाभाडे काढणे. शब्दाची ही अखेरची गत न्यायालयातील उलटतपासणी पाहूनच झाली असल्यास नवल नाही.

झडतीच्या अधिकाराशेजारीच संहितेने बलप्रयोगाचा अधिकार ठेवलेला आहे, आणि तेथेही हीच कथा निराळ्या रूपाने दिसते. अटकेला विरोध झाल्यास आवश्यक ती सर्व साधने वापरता येतात; दार वा खिडकी फोडता येते, मात्र आत पडदानशीन स्त्री असल्यास तिला बाहेर पडण्याची सूचना व सोय द्यावी लागते. ज्याच्यावर देहान्त अथवा आजन्म शिक्षेच्या अपराधाचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा हक्क यातून मिळत नाही, ही मर्यादा एकोणिसाव्या शतकापासून आपल्या संहितेत आहे. अमेरिकेत पळणाऱ्या गुन्हेगारावर गोळी झाडण्याची जुनी मुभा १९८५ च्या गार्नर खटल्यापर्यंत अनेक राज्यांत टिकून होती. मेम्फिसमध्ये १९७४ साली कुंपण चढून पळू पाहणारा पंधरा वर्षांचा निःशस्त्र मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. घरफोडीत त्याने नेले होते दहा डॉलर आणि एक पर्स. तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न ‘जप्ती’ या शब्दावरून सोडविला. चौथी दुरुस्ती अवाजवी झडती आणि जप्ती यांना मना करते. गोळी घालून माणसाला थांबविणे ही त्याच्या देहाची जप्तीच होय. झडती आणि बळ ही दोन्ही एका वाक्याच्या कक्षेत आली.

आपल्याकडे ती तशी आली नाहीत. येथे बळाचा न्याय पुन्हा कागदावर सोपविला गेला. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली. ‘चकमक’ म्हणजे मूळचा गारगोटीचा दगड, मग दोन पक्षांची झटापट; दोन्ही बाजूंनी ठिणग्या उडाल्या, हे गृहीत त्या शब्दातच दडलेले आहे. ते गृहीत तपासून पाहण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या सप्टेंबरात घालून दिली. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सरन्यायाधीश लोढा व न्यायमूर्ती नरिमन यांनी सोळा निर्देश दिले. प्रथम खबर नोंदवावी, तपास गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पोलिसांनी करावा, दंडाधिकाऱ्याची चौकशी व्हावी, मृताच्या नातलगांना शक्य तितक्या लवकर कळवावे, हे त्यांतील मुख्य. या निर्देशांच्या मुळाशीही तोच जुना विचार आहे : कृती करणाऱ्यानेच तिचे एकमेव निवेदन लिहू नये. फरक इतका की, येथे दुसरा निवेदक शेजारी नसून दुसऱ्या ठाण्याचा अधिकारी आहे.

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांचे वाक्य तिच्या १०३ व्या कलमात आहे; योगायोगाने जुनाच क्रमांक परत आला. त्यापुढील १०५ व्या कलमात मात्र अगदी नवे साक्षीदार आहेत. झडतीची सारी क्रिया, यादी करणे आणि तिच्यावर साक्षीदारांनी सह्या करणे यांसह, दृक्‌श्राव्य साधनाने, शक्यतो मोबाईल फोनने, नोंदवावी आणि ते चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवावे, असे ते सांगते. फोन पोलिसाच्या हातात असणार. कोणत्या क्षणी तो सुरू करावा, हेही तोच ठरविणार. चित्रणच झाले नाही, किंवा दार उघडल्यानंतर दहा मिनिटांनी झाले, तर सापडलेल्या वस्तूचे काय करावे, याविषयी १०५ वे कलम काही बोलत नाही. १८९८ चे १०३ वे कलमही बोलत नव्हते, आणि चित्तरंजन दास यांना १९०९ साली जे उत्तर मिळाले, ते त्या मौनातूनच निघाले होते.